पुसट शिक्का अखेर वाचला

स्टुटगार्टजवळच्या एका संग्राहकाची काराबिनर ९८के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल. दस्त्याच्या उजव्या बाजूचा गरुडाचा शिक्का फ्लॅशमध्ये नुसता तपकिरी डाग दिसे. त्यावर तेल चोळायचा मोह झाला, पण आवरला!

मग फ्लॅश बंद केला, खोलीत अंधार केला, फोन ट्रायपॉडवर लावला आणि टॉर्च लाकडालगत जवळजवळ आडवा धरून हळूहळू फिरवला. एका कोनात सावल्या खड्ड्यांत उतरल्या: डब्ल्यूएए१३५, जर्मन सैन्याच्या शस्त्र-तपासणीचा क्रमांक. म्हणजे ओबर्नडॉर्फचा माउझर कारखाना, युद्धाची मधली-शेवटची वर्षं. त्याआधी तिथे ६५५ असे. नेमकं साल शिक्क्यात नसतंच. ते रिसीव्हरवर (नळी बसते त्या धातूच्या भागावर) सापडलं, ‘बीवायएफ’ या माउझरच्या कोडच्या जोडीला ४३, म्हणजे १९४३. दस्ता मात्र बदललेला असू शकतो, म्हणून दस्ता आणि रिसीव्हर या दोन्हींवरचे अनुक्रमांकही ताडून पाहिले.