प्रीमियर पद्मिनीचं स्टिअरिंग ढिलं वाटतंय? आधी खेळ (जॉइंटमधला सैलपणा) शोधा

पद्मिनीचं स्टिअरिंग सैल झालं की बरेच जण थेट स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात. हे टाळाच. लिंकेजमधला, म्हणजे बॉक्सपासून चाकांपर्यंतच्या रॉड आणि जॉइंटमधला खेळ त्याने जात नाही, उलट बॉक्स पूर्ण वळणावर जड होतो.

टायरची हवा तपासा. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडं हलवायचं, दुसऱ्याने खाली वाकून प्रत्येक टाय रॉड एंड (रॉडच्या टोकाचा जॉइंट) आणि आयडलर आर्मवर (बॉक्सच्या विरुद्ध बाजूने रॉडला आधार देणारा आर्म) बोट ठेवायचं. झिजलेल्या जॉइंटमध्ये बोटाला 'टक' जाणवते आणि पुढचा रॉड उशिरा हलतो.

मग पुढचं चाक जॅकने उचलून स्टँड लावा. चाक वर-खाली, म्हणजे १२ आणि ६ वर धरून हलवा. खेळ आहे? कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर व्हील बेअरिंग, राहिला तर बहुधा किंगपिन-बुश (चाक ज्या पिनेवर वळतं तिचे बुश) किंवा विशबोनचे (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या सस्पेन्शन आर्मचे) बुश. कुठला भाग हलतो ते टॉर्च लावून पाहा. किंगपिनला ग्रीस भरताना चाक उचललेलंच ठेवा, नाहीतर ग्रीस दाबाच्या बाजूला पोहोचत नाही.

खड्ड्यात मागून खडखडाट येत असेल तर पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) शॅकल बुश, म्हणजे पाट्याच्या टोकाच्या जोडातले बुश, आणि पाटा ॲक्सलला बांधणारे यू-बोल्ट पाहा.