अमेरिकेतली प्रायमरी डिबेट बघताना उमेदवारांना गुण कसे द्यावेत

प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक. तिच्यातले सगळे उमेदवार एकाच पक्षाचे, त्यामुळे ‘कोणाचं म्हणणं पटलं’ एवढ्यावर गुण देऊ गेलात तर निम्मे सारखेच वाटतील. डिबेट सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ लिहा: आज याला काय साधायचंय? आघाडीवर असलेल्याला नुसतं न घसरणंही पुरतं. तळाच्याला लोकांच्या लक्षात राहायचं असतं. सर्वेक्षणात पुढे असलेले सहसा मधोमध उभे असतात, तेव्हा कोण कुठे आहे हे मंचावरच कळतं.

पहिल्या उत्तराला हात राखून गुण द्या, ते घोटून आणलेलं असतं. कस लागतो तो कोणी आडवं आल्यावर. 6 फेब्रुवारी 2016 ला, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मतदानाआधीच्या रिपब्लिकन डिबेटमध्ये उमेदवार ख्रिस ख्रिस्तींनी प्रतिस्पर्धी मार्को रुबिओंना टोकलं, की तुम्ही 25 सेकंदांचं पाठ केलेलं भाषण देता. त्यावर रुबिओंनी ओबामांबद्दल आधी म्हटलेलंच वाक्य जवळपास जसंच्या तसं पुन्हा म्हटलं! ख्रिस्तींनी तिथल्या तिथे ते दाखवून दिलं. तीन दिवसांनी मतदानात रुबिओ पाचवे आले. पण ख्रिस्ती सहावे, आणि दुसऱ्याच दिवशी शर्यतीबाहेर. म्हणून वार किती लागला आणि वार करणाऱ्याच्या पदरात काय पडलं, याचे रकाने वेगळे ठेवा.

टाळ्यांचे गुण पेन्सिलीनेच लिहा. जून 2019 मध्ये मायामीतल्या डेमोक्रॅटिक डिबेटमध्ये कमला हॅरिसनी, काळी-गोरी मुलं एकत्र शिकावीत म्हणून त्यांना बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत पाठवण्याच्या जुन्या वादावरून बायडेनना असं घेरलं की सर्वेक्षणात त्या झपाट्याने वर गेल्या. मग पत्रकारांनी विचारलं, आज या विषयावर तुमची भूमिका काय? तिथे उत्तर डळमळलं. डिसेंबरात, एकही मत पडण्याआधी, त्यांनी माघार घेतली.

कोणाला किती मिनिटं मिळाली यावरून गुण कापू नका. ते बरंचसं सूत्रसंचालकांच्या हातात असतं.

गैरहजर माणसाचं नावही यादीत लिहा. ऑगस्ट 2023 मध्ये मिलवॉकीतल्या रिपब्लिकन डिबेटला ट्रम्प फिरकलेच नाहीत. पुढेही एकाही डिबेटला न जाता त्यांनी उमेदवारी मिळवली. त्या रात्री प्रश्न आला: ट्रम्प कोर्टात दोषी ठरले तरी त्यांना पाठिंबा देणार का, हात वर करा. अशा वेळी बोलणाऱ्यांकडे नाही, हातांकडे बघा. कोणाचा लगेच वर गेला, कोणाचा अर्धवट राहिला? उमेदवारांपैकी रॉन डिसँटिस यांनी आधी आजूबाजूला पाहिलं आणि मग हात वर केला. माझ्या वहीत त्यांचे सगळ्यात जास्त गुण तिथे कापले गेले.