टेस्ट चालली की गावं गायब: संदर्भ डेटा कसा टिकवला

कोल्हापुरात आम्ही ऊस वजनाच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर करतो. कोड आपोआप तपासणाऱ्या टेस्टसाठी वेगळा डेटाबेस आहे. त्यात जिल्ह्याचे १२ तालुके, त्यांतली गावं आणि को ८६०३२, फुले २६५ अशा उसाच्या जाती हा संदर्भ डेटा कायम भरलेला लागतो. पण टेस्ट सुटी चालवली की पास, सगळ्या एकत्र चालवल्या की 'गाव सापडलं नाही'.

लॉग चाळल्यावर कारण दिसलं. एका टेस्टनंतर कारखान्याच्या गटांचा टेबल 'ट्रंकेट कॅस्केड'ने (टेबल आणि त्यावर अवलंबून असलेले टेबलही रिकामे करणारी कमांड) रिकामा होत होता. गावांच्या टेबलात गटाची फॉरेन की, म्हणजे गटाच्या ओळीकडे बोट दाखवणारा रकाना. आमचा डेटाबेस पोस्टग्रेस अशा वेळी फक्त संबंधित ओळी काढत नाही, अवलंबून असलेला अख्खा टेबल साफ करतो. शिरोळ, कागल, चंदगड, सगळीकडची गावं एका फटक्यात गेली.

दर टेस्टआधी सगळं पुन्हा भरणं मला पटत नाही. वेळ जातो आणि मूळ दोष झाकला जातो. म्हणून संदर्भाचे टेबल वेगळ्या स्कीमात, म्हणजे डेटाबेसमधल्या स्वतंत्र कप्प्यात, हलवले. त्यांची मालकी मायग्रेशन (टेबलांच्या रचनेतले बदल) चालवणाऱ्या रोलकडे, म्हणजे डेटाबेसच्या त्या वापरकर्त्याकडे; टेस्टच्या रोलला फक्त सिलेक्ट, म्हणजे वाचायची परवानगी. आता कुणी कॅस्केड चालवला तर तिथल्या तिथे 'परमिशन डिनाइड' येतं. ही सगळ्यात मोलाची गोष्ट, कारण चूक जिथे झाली तिथेच दिसते.

बाकी टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये चालतात आणि शेवटी रोलबॅक होतात, म्हणजे त्यांनी केलेले बदल मागे घेतले जातात. बॅकग्राउंड जॉबच्या (मागे वेगळ्याने चालणाऱ्या कामांच्या) टेस्टना मात्र कमिट, म्हणजे बदल कायम करणं, लागतंच. तिथे पावत्या आणि वजनं एवढेच टेबल नाव घेऊन डिलीट करतो, आधी वजनं, मग पावत्या.