पॅटिनावाल्या रोमन नाण्यांचे फोटो काढायच्या आधी

सगळ्यात पहिलं म्हणजे नाणं धुवायचं नाही. आपल्याकडे तांबं-पितळ हिरवं पडलं की हात आपोआप चिंचेकडे नाहीतर पितांबरीकडे जातो, पण रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातल्या सेस्टर्शियस या पितळी नाण्यावरचा तो हिरवा थर, म्हणजेच पॅटिना, जमिनीत शेकडो वर्षं राहून तयार झालाय, वर मॅलाकाइट हे तांब्याचं हिरवं खनिज, कुठेकुठे खालून डोकावणारं तांब्याचंच लालसर क्युप्राइट, आणि फोटो तर आपण त्याचाच काढतोय ना, एकदा गेला की गेला. हात स्वच्छ कोरडे ठेवा, नाणं कडेनेच धरा, खाली मऊ टॉवेल असू दे, धूळ उडवायला रबरी ब्लोअर घ्या, तोंडाने फुंकर नको. फिकट हिरवी पूड सुटताना दिसली तर तो पॅटिना नाही, ब्राँझ डिसीज आहे, क्लोराइड आणि दमट हवेचा प्रताप, ते नाणं सिलिका जेल घातलेल्या डबीत बाजूला ठेवा, फोटो नंतर बघू.

कॅमेऱ्याचं पटकन उरकतं. 100 मिमीच्या आसपासची मॅक्रो लेन्स, स्टँडवर तोंड खाली, आयएसओ 100, एफ 8, दोन सेकंदांचा टायमर, फाइल रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. लेन्स नाण्याला समांतर आहे का ते बघायला नाण्याच्या जागी छोटा आरसा ठेवा, लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की झालं.

खरा वेळ लाइटला द्या. खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र नको, चांगल्या सीआरआयचा, म्हणजे रंग खरे दाखवणारा, एकच एलईडी घ्या, 11 वाजता तास काटा असतो त्या बाजूने, म्हणजे सम्राटाच्या नाकाची सावली खाली पडते आणि चेहरा ओळखीचा दिसतो. गडद हिरवं नाणं फोटोत हमखास काळं येतं, त्यात बॅकग्राउंड पांढरी असेल तर कॅमेरा एक्स्पोजर अजून कमी करतो, म्हणून राखाडी कागद घ्या आणि नाणं बाटलीच्या झाकणावर उचलून ठेवा. पॅटिना चकचकीत असेल तर दिव्यासमोर ट्रेसिंग पेपर लावा, नाहीतर पांढरे ठिपकेच ठिपके. लाइट खूप आडवा केला तर उठाव छान येतो पण रंग मरतो, थोडा वर घ्या. टोन्ड म्हणजे काळाने रंग चढलेल्या चांदीच्या डिनेरियस नाण्याचं मात्र वेगळं, त्याला नाण्याच्या वर 45 अंशात धरलेली साधी काच लागते, बाजूचा उजेड काचेवरून सरळ खाली पडतो आणि निळा-जांभळा टोन उमलतो, हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा फार आनंद होतो.

व्हाइट बॅलन्स ग्रे कार्डवर, म्हणजे रंग मोजायच्या राखाडी कार्डावर, आधीच सेट करा, टायबर पॅटिनाच्या बाबतीत तर नक्कीच, तो पिवळसर पितळी रंग रोमच्या टायबर नदीच्या गाळातून आलेला असतो आणि रंग जरा चुकला की नाणं घासल्यासारखं वाटतं. पहिला फोटो आला की नाणं स्क्रीनशेजारी धरून बघा, फरक दिसला तर बॅलन्स परत घ्या, सॅच्युरेशनला हात लावू नका. मग नाणं उलटवा, कॅमेरा-लाइट जसेच्या तसे, फक्त मागची बाजू फिरवून सरळ करा कारण दोन्ही ठसे एकाच दिशेने असतील असं नाही.