यार्डातली इंजिनांची जोडी ओळखताना या चुका टाळा

परभणी, पूर्णा, जालना, परळी, कुठल्याही यार्डाजवळ आता मोबाईल घेऊन इंजिनं टिपणारी पोरं दिसतात. फोटो सुरेख असतात, पण 'हेच इंजिन इथं का लावलं' याचा अंदाज बहुतेकांचा चुकतो. कारण सगळा हिशोब अश्वशक्तीवर मांडला जातो.

मेन लाईनवर तो हिशोब ठीक आहे. शंटिंगला, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे हलवायला, मात्र वेगाची सर्वसाधारण मर्यादा ताशी १५ किमी, स्फोटकांच्या वाघिणी (मालडबे) असतील तर ८. इतक्या कमी वेगात अश्वशक्ती वापरायलाच मिळत नाही. डब्ल्यूडीएस-६ हे शंटिंगचं इंजिन १,४०० अश्वशक्तीच्या आसपासचं आणि १२६ टन वजनाचं. ताशी १० किमीला ते साधारण ३० टनांची ओढ देऊ शकतं. कोरड्या रुळावर चाकांची पकड वजनाच्या चौथाई धरली, तर तीही ३१-३२ टनच भरते. म्हणजे पकड जवळपास पूर्ण वापरून झाली! त्याच वजनाचं ४,५०० अश्वशक्तीचं डब्ल्यूडीजी-४ हे मालगाडीचं डिझेल इंजिन आणलं, तर पकड राखणाऱ्या त्याच्या आधुनिक यंत्रणेमुळे ओढ वाढेल, पण तिप्पट अश्वशक्तीला तिप्पट ओढ मिळणार नाही. उरलेली ताकद वापरताच येणार नाही, वापरली तर चाकं घसरतील. पूर्ण भरलेला रेक (वाघिणींची अख्खी रांग) जागचा हलवायचा तर रुळावर वजन हवं आणि मोटर लावलेले आस (चाकांच्या जोड्या) जास्त हवेत. दुसरं इंजिन जोडतात ते यासाठी.

अमेरिकेच्या मालवाहू रेल्वेने हा विचार थेट टोकाला नेला. तिथे यार्डात इंजिनाला 'स्लग' जोडलेला दिसतो. त्यात डिझेल इंजिनच नसतं, फक्त मोटरी आणि मुद्दाम भरलेलं वजन. वीज शेजारच्या इंजिनाकडून येते. व्हिडिओ पाहणारे त्याला भंगार समजतात, हे मला फार खटकतं. त्या जोडीतली अक्कल तिथेच तर आहे. आजूबाजूच्या कारखान्यांना वाघिणी पोचवणाऱ्या तिथल्या लोकल मालगाडीला २,००० अश्वशक्तीची, चार आसांची दोन जीपी३८-२ इंजिनं लावतात, तेही असंच. एकूण आठ आस मिळतात, कारखान्याच्या तीव्र वळणावर चार आसांचं इंजिन सहज वळतं, आणि वाटेत एक बंद पडलं तर दुसरं गाडी घरी आणतं.

दोन इंजिनं दिसली की दोन्ही ओढत आहेत असं धरू नका. मधल्या जागेत नीट पाहा. कपलिंग आणि ब्रेकच्या पाईपांखेरीज जाड जंपर केबल जोडलेली असेल, तर एकच लोको पायलट दोन्ही चालवतोय. केबल नसेल, तर दुसऱ्यात वेगळा पायलट असेल किंवा ते शेडकडे निघालेलं बंद इंजिन असेल. आणि कुठलीही दोन इंजिनं अशी जुळत नाहीत. डब्ल्यूएजी-७ आणि डब्ल्यूएजी-९ दोन्ही विजेवर चालतात, तरी एका केबिनमधून एकत्र चालवता येत नाहीत.

'तारा आल्या, मग यार्डात डिझेल कशाला?' मालधक्क्यावर वरून यंत्राने माल उतरवायचा असेल, तर डोक्यावर २५,००० व्होल्टची तार चालत नाही. अशा रुळांवर तार नसते किंवा तिचा पुरवठा बंद करावा लागतो.

तोंडाची दिशाही बघा. एकाच केबिनचं इंजिन लांब हूड (यंत्र झाकणारा लांब भाग) पुढे करून चाललं, की पायलटला एका बाजूचं दिसत नाही, आणि शंटिंगमध्ये खाली उभं राहून इशारे देणाऱ्या पॉइंट्समनचा हात दिसण्यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. म्हणून जोडीत लांब हूड एकमेकांकडे ठेवले की दोन्ही टोकांना केबिन येते. इंजिन फिरवायची सोय नसलेल्या स्टेशनवर याची किंमत कळते.

शेवटचं, रेक हलला नाही की लगेच 'इंजिन कमजोर' म्हणू नका. अनेकदा एखाद्या वाघिणीचा हँडब्रेक लागलेला राहतो किंवा ब्रेक सुटलेला नसतो. ब्रेक ब्लॉक चाकाला चिकटलेला असतो, थोडं ओढल्यावर जळका वास येतो, चाक न फिरता घासत जातं. आधी ती वाघीण शोधायची. मग पावसाने किंवा तेलाने रूळ ओला आहे का, पकडीसाठी इंजिनाच्या चाकापुढे वाळू पडते आहे का ते पाहायचं. दुसऱ्या इंजिनाची मागणी त्यानंतर.