प्रोस्टेटची इलास्टोग्राफी करताना या चुका टाळा

गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब आत गेला, शिअर वेव्ह इलास्टोग्राफी, म्हणजे टिश्यू किती कडक आहे ते मोजणारी सोनोग्राफी, सुरू केली आणि प्रोबला लागूनच ठळक लाल पट्टा उमटला. शेजारी उभा असलेला रेसिडेंट लगेच म्हणतो, "सर, कडक लागतंय." मी एवढंच सांगतो, मनगट सैल सोड. मनगट सैल होतं, प्रोब जरासा मागे येतो आणि तीन-चार सेकंदांत लाल विरून निळं होतं. तिथे गाठ नव्हतीच. आपणच ग्रंथी दाबून धरली होती.

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. प्रोब आणि प्रोस्टेट यांच्यामध्ये गुदाशयाची पातळ भिंत तेवढी असते. बोटाने तपासताना जरा दाबलं की नीट कळतं, ही आपल्या हाताची जुनी सवय. इथे मशीन स्वतःच टिश्यूमध्ये लहर सोडतं आणि तिचा वेग मोजतं. कडक भागात लहर वेगाने जाते, आणि दाबलेला मऊ भागही तसाच वागतो. ग्रंथीच्या कडेचा भाग बघायला प्रोब कलवावा लागतो, तिथे दाब नकळत वाढतो. म्हणून जेल भरपूर घ्या, दाब देऊ नका, प्रत्येक प्लेनमध्ये हात स्थिर ठेवा आणि चित्र ठरू द्या. घाईत गोठवलेल्या पहिल्या फ्रेमवरचा आकडा रिपोर्टमध्ये जाता कामा नये. जुन्या स्ट्रेन पद्धतीत मात्र हलका दाब द्यावाच लागतो आणि तिथे शेजारच्या भागाशी तुलना तेवढी मिळते, त्यामुळे दोन्ही रिपोर्ट एकाच मापाने वाचू नका.

रंगाआधी रंगपट्टी बघा. काही मशीनवर लाल म्हणजे कडक, काहींवर निळा. पट्टीची वरची मर्यादा ७० ते ९० किलोपास्कलच्या (कडकपणा मोजायचं एकक) आसपास हवी; ती १८० वर राहिली तर ५० ची गाठही निळसर दिसते आणि हातची निसटते.

आता ३५ चा आकडा. ३५ किलोपास्कलच्या वर संशय घ्यायचा, हे बाहेरच्या भागासाठी, म्हणजे पेरिफेरल झोनसाठी आहे. जवळपास ७० टक्के कॅन्सर तिथेच सुरू होतात. वयोमानाने वाढलेल्या प्रोस्टेटमध्ये आतल्या भागातल्या साध्या गाठीही सहज ३५ ओलांडतात, कधी शंभरच्या पुढे जातात. तिथे हा आकडा लावला तर धडधाकट माणूस उगाच घाबरतो. कॅल्सिफिकेशन आणि जुनी सूजही कडक दिसते, म्हणून साधी सोनोग्राफी आधी नीट बघा.

मोठ्या ग्रंथीत लहर पुढच्या भागापर्यंत पोहोचतच नाही. तिथे रंग भरला नाही म्हणजे भाग मऊ आहे, असं नव्हे. "मोजता आलं नाही" असं स्पष्ट लिहा.

एका काकांनी विचारलं होतं, "लिव्हरच्या फायब्रोस्कॅनला ७ आलं तेव्हा डॉक्टर 'जपा' म्हणाले, इथे २० आलंय आणि तुम्ही 'ठीक' म्हणता?" प्रश्न अगदी रास्त होता. एकक तेच असलं तरी अवयव वेगळा, मर्यादाही वेगळी. पेरिफेरल झोनला २० नेहमीचंच.

पण निळं दिसलं म्हणून पेशंटला निर्धास्त करून घरी पाठवू नका. लहान किंवा विरळ पसरलेला कॅन्सर मऊही असतो. पीएसए (प्रोस्टेटसाठीची रक्तचाचणी) चढत असेल, एमआरआयमध्ये पाय-रॅड्स (कॅन्सरच्या संशयाची १ ते ५ श्रेणी) ४ किंवा ५ असेल, तर बायोप्सी टाळायला इलास्टोग्राफीचा आधार घेऊ नका. आणि पेशंट लघवीच्या त्रासासाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड घेतोय का, हे विचाराच. सहा महिने ते वर्षभरात या गोळ्यांनी पीएसए साधारण निम्म्यावर येतो. रिपोर्टवरचा ३ मग खरा ६ च्या जवळचा असतो.

बायोप्सीच्या वेळी सुई कडक भागात बरोबर गेली, की ग्रंथीच्या इतर भागांतले ठरलेले नमुने सोडून देण्याचा मोह होतो. पेशंट अवघडलेला असतो, वेळ कमी असतो, मला कळतं. तरी तेही घ्या.