पहिली रायफल किंवा पिस्तूल घेताय? या चुका टाळा

"मॅडम, या दोनपैकी कोणती घेऊ?" मोबाईलवर दोन फोटो, दोन्ही रायफली देखण्या, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर तीन आठवडे डोकं पिकवल्याचा थकवा. नेमबाजी शिकवायला लागल्यापासून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता फोटो बघायच्या आधी मीच तीन प्रश्न विचारते. खेळाचा कोणता प्रकार खेळणार? आठवड्याला किती गोळ्या झाडणार? आणि तुमचा नेमाचा डोळा कोणता? पहिल्याचं उत्तर अर्धवट येतं, दुसऱ्याचं अंदाजपंचे, आणि तिसऱ्या प्रश्नाला माणूस गप्प होतो.

निवड अवघड का वाटते, तर आपण तुलना कागदावर करतो आणि कागदावर दोन्ही चांगल्याच असतात. स्पर्धेच्या दर्जाची कुठलीही एअर रायफल बाकाला घट्ट आवळून दहा मीटरवरून झाडली तर छर्रे जवळपास एकाच भोकातून जातात. ती माणसाच्या हातात आली की खरा फरक दिसतो. म्हणून शस्त्राची माहिती वाचत बसण्याआधी स्वतःच्या शरीराची माहिती घ्या. हे सांगितलं की नवखे हिरमुसतात. त्यांना आजच खोका उघडायचा असतो.

डोळा न तपासता खरेदी

ही चूक मला सगळ्यात जास्त टोचते, कारण ती टाळायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

दोन्ही हात समोर ताणा. तळव्यांच्या मध्ये छोटी त्रिकोणी फट ठेवा आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून लांबची एखादी वस्तू बघा, दिवा किंवा दाराची कडी. आता डावा डोळा मिटा. वस्तू जागेवरच राहिली तर उजवा डोळा प्रबळ, म्हणजे तोच नेमाचा, फटीतून गायब झाली तर डावा. हे एकदाच करून थांबू नका. चार-पाच दिवस, वेगवेगळ्या वेळी करा. काही जणांचा कौल बदलत राहतो, आणि तेही खरेदीच्या आधीच कळलेलं बरं.

सतरा वर्षांची एक मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात जवळजवळ नवीच एअर रायफल होती. वडिलांनी पहिल्या धड्याच्या आधीच घेऊन दिलेली. उजव्या हाताचा स्टॉक (खांद्याला आणि गालाला टेकवायचा दस्ता), कारण मुलगी उजव्या हाताने लिहिते. माझ्याकडे येण्याआधी दुसऱ्या ठिकाणी सहा महिने शिकून झाले होते आणि गुण जिथल्या तिथे. मी काही न बोलता तिला वीस गोळ्या झाडू दिल्या. मान स्टॉकवरून पलीकडे झुकलेली, जबड्याखाली लाल वळ उठलेला. डावा डोळा ती इतका घट्ट मिटत होती की पंधराव्या गोळीनंतर उजवी पापणी लवायला लागली. तिचा प्रबळ डोळा डावा होता. सहा महिने ती स्वतःच्याच डोळ्याशी झगडत होती आणि घरचे म्हणत होते, "एकाग्रता कमी पडते."

डोळा जोर लावून मिटला की कपाळापासून मानेपर्यंतचे स्नायू ताणले जातात. शिवाय एका डोळ्यावर अंधार आला की दुसऱ्या उघड्या डोळ्याची बाहुलीही थोडी विस्फारते आणि पुढची साइट, म्हणजे नळीच्या टोकाजवळची नेम धरायची खूण, आधीसारखी रेखीव दिसत नाही. म्हणून नेमबाज न वापरायचा डोळा मिटत नाहीत, त्याच्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावतात. स्पर्धेच्या नियमानुसार ती जास्तीत जास्त ३० मिलिमीटर रुंद चालते. ती पट्टी आम्ही तिच्यासाठी लावून पाहिली. डोळ्यावरचा ताण उतरला, मान मात्र वाकडीच राहिली. मग रेंजवरची डाव्या हाताची जुनी रायफल तिच्या हातात दिली. पहिल्या दिवशी तिला छर्रा भरायलाही सुधरेना. तिसऱ्या आठवड्यात तिने स्वतःचा जुना उच्चांक मागे टाकला.

रायफल नवी होती, म्हणून ती बदलायला घरच्यांनी आणखी दोन महिने घेतले. "सवय होईल हळूहळू." सवय होतेच, चुकीचीसुद्धा होते.

हात बदलणं अशक्य आहे असं वाटत असेल तर हंगेरीच्या कारोली ताकाच यांचं उदाहरण घ्या. १९३८ मध्ये हातबॉम्बच्या स्फोटात त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी डाव्या हाताने नेम धरायला शिकून १९४८ आणि १९५२ अशा दोन ऑलिम्पिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचं सुवर्ण जिंकलं. शरीर शिकतं. पण स्टॉक आणि ग्रिप (हातात धरायची मूठ) उजव्या-डाव्याचे वेगळे असतात, म्हणून ठरवायचं ते पैसे मोजण्याआधी.

पिस्तुलाच्या बाबतीत मी इतकी कडक नाही. पिस्तूल हाताच्या अंतरावर असतं, मान जराशी वळवली की दुसरा डोळाही साइटच्या रेषेत येतो. रायफलीत गाल स्टॉकला टेकलेला असतो, तिथे ही सोय नाही.

दुसऱ्याचं बघून घेणं

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांनी साधा चष्मा लावून, एक हात खिशात घालून मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्य जिंकलं. त्यानंतर कित्येक महिने मला ऐकावं लागलं, "बघा, महागडं काही लागतच नाही." त्यांच्या चेहऱ्यावर त्या चष्म्याशिवाय काही नव्हतं, हे बरोबर. हातातलं पिस्तूल मात्र स्पर्धेच्याच दर्जाचं होतं, आणि २००८ पासून ते ऑलिम्पिक खेळत होते. याच्या उलट चूक करणारे तितकेच: विजेत्याकडे जे मॉडेल, तेच हवं. विजेत्याची ग्रिप त्याच्या तळव्याप्रमाणे तासून घेतलेली असते. तुमचा तळवा तिच्यात बसेलच असं नाही.

वजनाचा मोह

दहा मीटर एअर रायफल जास्तीत जास्त साडेपाच किलो चालते आणि एअर पिस्तूल दीड किलो. या कमाल मर्यादा आहेत, तुमच्यासाठी ठरवून दिलेली वजनं नव्हेत. जड शस्त्र स्थिर राहतं हे खरं, पण स्पर्धेत ६० गोळ्या असतात आणि खांद्याचा खरा कस चाळिसाव्या गोळीनंतर लागतो. लहान मुलांना "वाढेल की तो" म्हणून मोठ्यांची रायफल देणाऱ्या पालकांशी मी सरळ वाद घालते. वाढत्या पाठीवर नको ते वजन आणि वाकडी ठेवण, दोन्ही एकदमच येतात. स्टॉकची लांबी आणि गालाचा टेका कमी-जास्त करता येईल अशी रायफल घ्या, बाकी सजावट नसली तरी चालेल.

पहिलीच मोठ्या कॅलिबरची

पॉइंट २२ (नळीचा व्यास, म्हणजे कॅलिबर, ०.२२ इंच) म्हणजे पोरखेळ, असं म्हणणारे बहुतेक जण महिन्याभरात झटका खायला लागतात. झटका म्हणजे गोळी सुटायच्या आधीच शरीर आवाज आणि धक्का गृहीत धरून आवळतं आणि नळी खाली झुकते. झाडणाऱ्याला हे कळत नाही. गोळी सुटल्यावर नळी उसळते आणि आधीचं झुकणं त्या उसळीत लपून जातं.

एका चांगल्या धडधाकट माणसाने पहिलंच पिस्तूल ९ मिलिमीटरचं घेतलं. सगळ्या गोळ्या सातच्या दिशेला, खाली डावीकडे. त्याने साइट फिरवल्या, मग साइट बदलल्या, मग पिस्तूलच सदोष आहे म्हणून विक्रेत्याशी भांडला. मी ते पिस्तूल मागून घेऊन पाच गोळ्या झाडल्या, पाचही मधोमध. त्याचा विश्वास बसेना. मग रेंजवर मी त्याच्या मॅगझिनमध्ये त्याच्या नकळत दोन डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसं मिसळली. तिसऱ्या वेळी नुसता "टक" आवाज झाला, गोळी नाही, आणि नळी दोन बोटं खाली गेली. शांतता पसरली. त्याने पिस्तूल रिकामं करून टेबलावर ठेवलं आणि बराच वेळ स्वतःच्या मनगटाकडे बघत राहिला. साइट जशा होत्या तशा परत लावायला आम्हाला अर्धा तास लागला, तो झटका काढायला चार महिने. ते चारही महिने तो रेंजच्या पॉइंट २२ वर होता.

पॉइंट २२ लाँग रायफलची नेहमीची गोळी अडीच ग्रॅमच्या आसपास भरते, ९ मिलिमीटरची साडेसात-आठ ग्रॅम. धक्क्यातला फरक हातात घेतल्यावर कळतो. कमी धक्क्यात माणूस दिवसाला शंभर गोळ्या शांतपणे झाडतो आणि प्रत्येक गोळीतली चूक त्याला दिसते. मोठ्या कॅलिबरमध्ये तिसाव्या गोळीनंतर तो फक्त सहन करत असतो. या बाबतीत मला जवळचा रस्ता माहीत नाही, आणि कोणी दाखवला तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

परवान्याच्या अटी न वाचता मॉडेल ठरवणं. कोणती कॅलिबर चालते, शस्त्र कुठे ठेवायचं, कसं न्यायचं, हे कायद्याने ठरतं. आवड त्यानंतर.

सगळे पैसे शस्त्रावर घालणं. माझा स्वतःचा दंडक असा की एकूण पैशांतले साठ टक्क्यांवर शस्त्रात जाऊ द्यायचे नाहीत. उरलेल्यात वर्षाचे छर्रे किंवा काडतुसं, कानाचं आणि डोळ्याचं संरक्षण, कुलपाची पेटी. पेटी शस्त्राच्या आधी घरात यायला हवी.

ट्रिगर हलका करून घेणं. एअर पिस्तूलला नियमाने किमान ५०० ग्रॅमचा ट्रिगर लागतो, म्हणजे ओढायला निदान तेवढा जोर पडायला हवा, आणि नवख्याला तेवढाही हलका वाटतो. वजन कमी करण्याआधी दाब सरळ मागे देता येतो का ते बघा.

जुनी एअर रायफल घेताना सिलिंडरवरची तारीख न बघणं. त्यात २०० बार दाबाची हवा असते, आणि बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलिंडर स्वस्तात मिळाला तर तो नव्याने घ्यावा लागणार हे किमतीत धरा. नळीचं तोंड भिंगातून बघा, कडेला टवका असेल तर सोडून द्या. विकणारा पाच गोळ्यांचा सुंदर ग्रुप, म्हणजे जवळजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका, दाखवेल. पाच गोळ्या नशिबानेही जवळ पडतात. तुमच्यासमोर टेका लावून दहा-दहाचे दोन ग्रुप मागा.

स्प्रिंगची एअर रायफल "तीही एअरच" म्हणून घेणं. तिचा पिस्टन पुढे-मागे उडी मारतो, छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत रायफल हलते. शिकण्यासाठी ती वाईट नाही, पण तिच्यावर जमलं नाही म्हणून खेळ सोडू नका.

पॉइंट २२ वर रिकामा ट्रिगर ओढून सराव. बऱ्याच जुन्या बनावटीत फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी टोकदार कांडी) थेट चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसायच्या जागेच्या, कडेवर आदळते. माहितीपुस्तिकेत परवानगी असेल तरच करा, नाहीतर डमी वापरा.

एकाच खोक्यातली काडतुसं वापरून नळीला नावं ठेवणं. पॉइंट २२ च्या नळ्या लॉटबद्दल, म्हणजे काडतुसं कोणत्या खेपेतली आहेत त्याबद्दल, फार चोखंदळ असतात. तीच रायफल एका लॉटने छान ग्रुप देते, दुसऱ्याने विस्कटते. छर्‍यांचंही तसंच, डोक्याचा व्यास ४.४९ आणि ४.५० मिलिमीटर असे वेगवेगळे मिळतात, दोन्ही झाडून बघा.

तरीही दोनांत अडकलात तर

मी प्रत्येकाला एक वही करायला लावते. रेंजवरच्या किंवा ओळखीच्यांच्या शस्त्रांवर, त्यांच्या देखरेखीखाली, प्रत्येकी किमान दोनशे गोळ्या. गुण लिहायचे नाहीत. लिहायचं एवढंच: चाळिसाव्या गोळीनंतर कुठे दुखलं, गाल टेकवल्यावर साइट आपोआप डोळ्यासमोर आली की मान हलवावी लागली, बोट ट्रिगरवर सरळ पडलं की तिरकं, डोळे मिटून हात उचलला आणि उघडल्यावर नळी कुठे बघत होती. अधीर लोक ही वही चौथ्या दिवशी सोडतात आणि आठव्या महिन्यात शस्त्र विकायला काढतात.

वही नीट भरली तर बहुतेकांच्या यादीत एकच नाव उरतं. दोन उरलीच, तर दोन्हींचे सील आणि स्प्रिंगा कोण पुरवतं आणि दुरुस्ती कोण करतं ते विचारा. ज्याचे सुटे भाग आठवड्यात हातात येतात, ते घ्या.